खाट नंबर दोनचा निरोप

अभिमन गुरुजींना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण सकाळी कोणाचं तरी दप्तर तपासल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. घरात शाळेत जाणारं मूल नव्हतं. म्हणून ते सुनेचं दप्तर तपासत.

सून सारिका जळगावातल्या एका हॉस्पिटलात हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात नर्स होती. मुलगा कामासाठी नाशिकला, पंधरा दिवसांनी घरी येई. त्यामुळे मेहरूणच्या घरात दोघंच. गुरुजींना सगळी गल्ली नाना म्हणायची, सारिकाही नानाच म्हणायची. घरातले नियम नानांचे होते. चपला भिंतीला टाच लावून ठेवायच्या. वर्तमानपत्राची घडी मोडायची नाही. मीठ निळ्या झाकणाच्याच डब्यात राहील, त्याला हात लावायचा नाही. आणि दप्तर आदल्या दिवशीच भरायचं.

"दुभाजक?" नाना विचारायचे.

"घेतला. पण नाना, त्याला कॅलिपर म्हणतात."

"दोन टोकांनी अंतर मोजायचं, म्हणजे दुभाजकच. काय मोजतेस त्याने?"

"ईसीजीच्या कागदावर दोन ठोक्यांतलं अंतर. सारखं पडतंय का, ते."

"मग भूमितीच की! कात्री?"

"घेतली."

"हिला टोक का नाही?"

"पट्टी कापताना पेशंटला लागू नये म्हणून."

"हुशार माणसाने केलेली आहे. पुढे?"

पुढे स्टेथोस्कोप, डोळ्यांत पाहायची छोटी बॅटरी, चार रंगांचं पेन, चिकटपट्टीचं रीळ. पाय सुजू नयेत म्हणून घट्ट मोजे, एसीच्या गारठ्यासाठी स्वेटर आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी. हे सगळं हॉस्पिटलात मिळत नाही असं नाही, पण नेमकं हवं तेव्हा ते दुसऱ्याच्या खिशात असतं, असं सारिका सांगायची. या यादीत शेवटी एक वस्तू होती, जिच्याबद्दल नानांनी कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. ती म्हणजे तारेच्या बांधणीची खिशात मावणारी वही.

ती वही निरोपांची होती. विभागात नातेवाइकांपैकी एकालाच, तेही पाच मिनिटं सोडत. बाकीची माणसं एरंडोलहून, सोनगीरहून, कुठून कुठून येऊन जिन्यात उभी राहत. सारिका बाहेर पडताना ती तिला गाठत. "ताई, एवढं सांगा." ती प्रत्येक खाटेचं वेगळं पान करी. समासात वरच्या कोपऱ्यात खाटेचा नंबर लिही आणि माणूस बोलला तसाच निरोप उतरवून घेई. दुसऱ्या दिवशी औषधं झाली की प्रत्येकाला त्याचा निरोप सांगे. इनचार्ज सिस्टरना हे पसंत नव्हतं. "ही वही नियमात बसत नाही सारिका. हिच्यामुळे एकाचा जरी मॉनिटर वाजला, तरी ती माझ्या कपाटात जाईल."

त्या रविवारी वहीत एक मोलाचा निरोप होता. खाट नंबर दोनवर एरंडोलकडचे उखर्डू आबा होते. झटका येऊन चार दिवस झाले होते, आता धोका टळला होता. पण आबा जेवत नव्हते, झोपत नव्हते. त्यांची म्हैस आजउद्या व्यायची होती आणि आबा इथे तारांनी बांधलेले. आपल्या म्हशीचं काय झालं, हे जो समोर येईल त्याला अहिराणीत विचारत, "मनी म्हैसनं काय व्हयनं?" डॉक्टर म्हणाले होते, हा माणूस जरा शांत झाला तर सोमवारी दुपारी वॉर्डात हलवू. रविवारी सारिकाची ड्यूटी संपता संपता आबांचा मुलगा कौतिक धावत जिना चढून आला आणि निरोप देऊन गेला. सारिका आत वळली, तर आबांना चार दिवसांनी पहिल्यांदा डोळा लागला होता. तिला उठववेना. उद्या सकाळी सांगू, म्हणून ती घरी आली आणि स्वतःही झोपली.

तिथेच चुकलं, असं ती पुढे पुष्कळ वेळा म्हणाली.

संध्याकाळी नानांकडे गल्लीतली मुलं अभ्यासाला आली. आयुषी, मनन आणि आणखी चौघं. नानांनी मुलांना दाखवायला म्हणून सारिकाच्या दप्तरातून दुभाजक काढला, त्याच्याबरोबर वही बाहेर आली. नानांनी ती सहज उघडली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. अक्षर असं, की बाभळीच्या काट्या वाळत घातल्या असाव्यात. वाक्यं अर्धी. समासात आकडे खरडलेले. नानांच्या जिवाला लागलं. एवढी शिकलेली मुलगी!

एका पानावर होतं, 'पहाटे मोकळी व्हयनी. पोर शे. दोन्ही बेस. बाजरी-गूळ खादं. काळजी नको.'

"नाना, हे काय आहे?" आयुषीने विचारलं.

नानांनी विचार केला, आणि चौतीस वर्षांच्या मास्तरकीने त्यांना एकच उत्तर सुचवलं. "हे मुद्दे आहेत. परीक्षेत येतं ना, 'पुढील मुद्द्यांवरून बातमी तयार करा'? ताईला लिहायला वेळ नाही, म्हणून तिने नुसते मुद्दे काढून ठेवलेत. आपण तिला पूर्ण करून देऊ. ताई बघेल तेव्हा चकित होईल."

पानं तारेतून सोडवून एकेकाला दिली गेली. नानांनी सूचना दिल्या. भाषा शुद्ध हवी. वाक्य पूर्ण हवं. आणि समास कोरा हवा.

"नाना, इथे समासात दोन लिहिलंय," आयुषी म्हणाली.

"समासात लिहिलेलं तपासलं जात नाही, बेटा. सोडून दे."

तासाभराने सहा सुबक पानं तयार झाली. नानांनी लाल पेनाने किरकोळ दुरुस्त्या केल्या, पानं जुन्या तारेत बसवली, आणि शेवटी जे प्रत्येक गुरुजी करतो ते केलं. हस्ताक्षर पाहून क्रमांक दिले. आयुषी पहिली, मनन दुसरा. तो आकडा त्यांनी पानाच्या कोपऱ्यात लिहिला आणि भोवती छान गोल काढला. सारिकाची मूळ पानं मागून कोरी होती. त्यांवर मुलांनी भागाकार केले.

सकाळी सारिका घाईत दप्तर उचलून निघाली तेव्हा नाना दारात उभे होते. "आज खिशातून वही काढशील ना, तेव्हा या म्हाताऱ्याची आठवण येईल."

"हो नाना," म्हणत ती रिक्षात बसली. नाना काय म्हणाले, ते तिला स्टेशनच्या पुढे गेल्यावर ऐकू आलं, आणि तेव्हाही कळलं नाही.

अकराच्या सुमारास औषधं आटोपली. सारिकाने खिशात हात घातला, तेवढ्यात खालून फोन आला. खाट नंबर चारला अँजिओग्राफीला लगेच पाठवा, सोबत नर्स हवी. तिने वही न उघडताच प्रेमराजच्या हातात दिली. प्रेमराज हा तिच्याबरोबरचा नर्स, सगळे त्याला ब्रदर म्हणत. तो आठ दिवसांच्या रजेवरून त्याच दिवशी परतला होता आणि एकाही पेशंटला ओळखत नव्हता.

"ब्रदर, कोपऱ्यात खाटेचा नंबर आहे. लिहिलंय तसंच वाचून दाखव. स्वतःचं काही घालू नकोस. आणि दोन नंबरच्या आबांना नक्की."

"तुम्ही जा सिस्टर. वाचायलाच तर आहे."

प्रेमराजने वही उघडली. असं अक्षर त्याने हॉस्पिटलात कधी पाहिलं नव्हतं. तो आदराने खाट नंबर एकपाशी गेला. तिथे कापडाचे व्यापारी ज्ञानचंद शेठ होते. जैनांच्या पर्युषणाचे दिवस, पत्नी चंदनबाईंनी आठ दिवसांचा उपास धरलेला, आणि वय चौसष्ट. शेठना आपल्या हृदयापेक्षा त्या उपासाचीच धास्ती होती.

"शेठ, घरचा निरोप आलाय," प्रेमराज म्हणाला आणि बातम्या देणाऱ्याच्या आवाजात वाचू लागला. "'पहाटे प्रसूती सुखरूप पार पडली. कन्यारत्न प्राप्त झाले.'"

"काय झालं?"

"'कन्यारत्न. माता व कन्या यांची प्रकृती उत्तम आहे.'"

शेठ उशीवरून उठून बसले. "कोणाची माता?"

"नाव नाही लिहिलेलं."

शेठनी बोटं मोजली. घरात बायका दोनच. चंदनबाई आणि सून रूपल. "अहो भाऊ, रूपलच्या लग्नाला अडीच महिने झालेत!"

"अभिनंदन," प्रेमराज म्हणाला. त्याला हिशेब करायची सवय नव्हती. "'मातेने बाजरी व गूळ यांचे सेवन केले. आपण निश्चिंत असावे.'"

शेठच्या मॉनिटरवरचा आकडा अठ्ठ्याहत्तरचा एकशे आठ झाला. "माझ्या मुलाला, अर्हमला बोलवा! आत्ता बोलवा! आणि हे बघा, चंदनबाईला कोणी काही सांगू नका, ती उपाशी आहे!"

आनंदाच्या बातमीनेही माणसाचे ठोके वाढतात, हे प्रेमराजला शिकवलं होतं. तो शेठना "शांत पडा, पेढे नंतर" असं सांगून खाट नंबर दोनपाशी गेला.

उखर्डू आबा त्याचीच वाट पाहत होते. "भाऊ, मनी म्हैसनी काही खबर?"

"आहे ना आबा. ऐका. 'आठ दिवस निराहार राहून आज केवळ मुगाचे पाणी घेतले.'"

आबांचं तोंड उघडंच राहिलं. "काहीच खादं नही? कौतिकनी तिले चाराच टाका नही?"

"'मुखावर विलक्षण तेज होते.'"

"कोणना मुखवर?"

"'त्यानंतर पुष्पहार घालून, वाद्यांच्या गजरात, गल्लीतून नेण्यात आले.'"

हार घातला. वाजत नेलं. हे कोणाचं करतात, ते आबांना माहीत होतं.

"'उपस्थितांचे डोळे पाणावले,'" प्रेमराजने वाचून संपवलं.

"मरी गई!" आबा ओरडले. "मनी म्हैस मरी गई! बठ्ठा गावनी वाजत नेई, आनि माले आज सांगतस! काढा हाई वायर! माले घर जाऊ द्या!" आणि त्यांनी स्वतःच छातीवरच्या दोन तारा उपटल्या. तार निघाली की मॉनिटरला वाटतं हृदयच थांबलं. तो किंचाळू लागला. शेठचा मॉनिटर आधीच वाजत होता. पलीकडे खाट नंबर तीनवरच्या बेबाबाई जाग्या झाल्या आणि त्यांनी आपला निरोप मागितला. गडबडीत प्रेमराजने तोही वाचला. त्यांचा निरोप तेवढा योगायोगाने त्यांचाच निघाला. 'सूनबाई माहेरहून परतल्या असून आपण येईपर्यंत त्या घरी थांबणार आहेत.' तो ऐकून बेबाबाईंचाही मॉनिटर वाजला.

डॉक्टर धावले. इनचार्ज सिस्टर धावल्या. आबांना दोघांनी धरलं. ते आता भांडत नव्हते, लहान मुलासारखे रडत होते. "दहा वरीसनी व्हती हो. नाव घेतं तं मान फिराये."

सारिका खालून परत आली तेव्हा विभागातली ही अवस्था होती. प्रेमराजने वही तिच्यापुढे धरली. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, कोपऱ्यातला गोल पाहिला. ते गोल तिच्या ओळखीचे होते. घरी वाण्याच्या यादीवरही नाना तसाच गोल काढत. ती आधी आबांकडे गेली. "आबा, म्हैस जिवंत आहे. मोकळी व्हयनी. पोर शे. दोन्ही बेस."

आबांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. "मंग हार कोले घाला?"

पडद्यापलीकडून ज्ञानचंद शेठचा आवाज आला. त्यांना आता एकेक उलगडत होतं. "आबा, हार माझ्या बायकोला घातला. तिचा उपास पुरा झाला. कन्यारत्न तुमच्या म्हशीचं आहे."

आबा डोळे पुसत म्हणाले, "शेठ, तुम्हना बाईनी आठ दिन काहीच खादं नही?"

"काहीच नाही."

"देवमाणूस शे," आबा म्हणाले. म्हशीच्या बाबतीत ज्या गोष्टीने त्यांचा जीव जायची वेळ आली होती, त्याच गोष्टीने त्यांना आता हात जोडावेसे वाटले.

पण झालं ते झालंच होतं. डॉक्टरांनी आबांना वॉर्डात हलवणं एक दिवस पुढे ढकललं. इनचार्ज सिस्टरनी वही कपाटात टाकली आणि किल्ली फिरवली. "मेमो उद्या देते," त्या सारिकाला म्हणाल्या.

दुपारी घरी फोन वाजला. "नाना, वही कोणी लिहिली?" सारिकाने विचारलं.

"आवडली का?" नाना म्हणाले.

तिने सगळं सांगितलं. ती रागावली नाही, आणि तेच नानांना सहन झालं नाही. त्यांनी टोपी घातली आणि रिक्षा केली.

त्या हॉस्पिटलचा दुसरा मजला नानांनी दोन वर्षांत पाहिला नव्हता. त्यांच्या पत्नी मंजुळाबाई तिथल्याच अतिदक्षता विभागाच्या दाराआड चार दिवस होत्या. तेव्हा मुलगा आणि सून हॉस्पिटलजवळच खोली घेऊन राहत, मेहरूणच्या घरी नाना एकटे. तिसऱ्या दिवशी त्यांनी दारात सारिकाला गाठून निरोप दिला होता. "मंजुळेला विचार, मिठाचा डबा कुठला?" उत्तर आलं होतं, निळ्या झाकणाचा. चौथ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. चौतीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलेल्या माणसाने बायकोला पाठवलेला शेवटचा निरोप मिठाचा होता. ही गोष्ट नानांनी कोणाला सांगितली नव्हती. रिक्षात ती त्यांच्या शेजारी बसून आली.

इनचार्ज सिस्टरपुढे नाना टोपी हातात घेऊन उभे राहिले. "बाई, चूक माझी आहे. मुलीला शिक्षा करू नका. जी काय द्यायची ती मला द्या."

सिस्टरनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. वर्गात उभं केल्यावर आपण कशा दिसायचो, ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी कपाट उघडलं आणि एक कोरी वही काढली. "बसा दारात. भेटीच्या वेळेत जो येईल त्याचा निरोप लिहून घ्या. बोलेल तसा. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर दोन्ही वह्या बंद."

"आणि मेमो?"

"वही बघून ठरवते."

नाना बाकावर बसले. पहिला कौतिकच आला, म्हशीच्या पारडीची खबर घेऊन. "आबाले सांगा, वगारले पाजी दिनं. कपायवर चांदवा शे. आते तरी जेवा म्हना."

नानांचं पेन 'कपाळावर' लिहायला वळलं, थांबलं, आणि त्यांनी 'कपायवर' लिहिलं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समासात पेन नेलं आणि '२' काढला. गोल काढला नाही.

तासाभराने सारिका बाहेर आली आणि शेजारी बसली. तिने वही चाळली. "बरोबर आहे सगळं. मेमो नाही म्हणाल्या. आबांनी अर्धी भाकरी खाल्ली. शेठ म्हणतात, वगारीचं नाव ते ठेवणार."

नाना हसले नाहीत. ते त्या दाराकडे पाहत होते. "सारिका, मी एकदा इथून मिठाचा निरोप पाठवला होता."

"आठवतंय."

"दुसरं काही सुचलं नाही गं. एवढे शब्द येत होते मला."

सारिकाने वही मिटली. "नाना, मी तो सांगितलाच नव्हता. मला वाईट वाटलं. मी आईंना म्हटलं, नाना म्हणतात, तुमच्याशिवाय घर खायला उठतं, लवकर या."

नानांनी मान वळवली. "मग?"

"हसल्या. म्हणाल्या, हे त्यांचं बोलणं नाही. त्यांनी चष्मा विचारला असेल नाहीतर मीठ. खरं सांग. मग मी सांगितलं. तर म्हणाल्या, निळ्या झाकणाचा. आणि पोरी, निरोप बदलत जाऊ नकोस. मीठ विचारलं म्हणजे मला कळलं, ते चूल पेटवतायत, उपाशी नाहीत. तुझ्या निरोपातून मला काय कळलं असतं? त्यानंतर मी वही केली, नाना. बोललं तसं लिहायला."

बराच वेळ नाना टोपीची घडी घालत राहिले, उलगडत राहिले.

"निळ्या झाकणाच्या डब्यात साखर होती," ते म्हणाले.

"काय?"

"पिठीसाखर. वांग्याच्या भाजीत दोन चमचे टाकली. तशीच खाल्ली. म्हटलं, उद्या जाऊन सांगू, मंजुळे, उत्तर चुकलं." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "ते राहिलं."

सारिकाला घरातला तो नियम आठवला. "मग आता त्यात मीठ..."

"तेराव्यानंतर घर रिकामं झालं, तेव्हा साखर काढली आणि मीठ भरलं," नाना म्हणाले. "आता उत्तर बरोबर आहे."